बालकांकडून शिकलेली विदुषी : डॉ. मारिया मॉन्टेसरी

घरभेटींच्या वेळी तरुण मातापित्यांकडून एक प्रश्न अलीकडे वारंवार विचारला जातो. तीन वर्षांच्या बालकाला शाळेत घालावे, की आणखी काही काळ घरीच ठेवून आपणच त्याला शिकवावे? शेजारचे मूल नर्सरीत जाऊन इंग्रजी कविता म्हणू लागले, म्हणजे आपले मूल मागे पडते की काय, अशी धास्ती आईला वाटू लागते. २०२० साली करोनाच्या महामारीमुळे शाळांना कुलपे लागली आणि लहान मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी अचानक घरावर येऊन पडली. तेव्हापासून हा प्रश्न अधिकच तीव्र झाला आहे. काही पालकांनी त्या काळात घरातच छोटीशी बालवाडी मांडली आणि त्यांना तिची गोडी लागली. काहींनी मात्र शाळेचे वेळापत्रकच घरात आणले आणि मूल व आई दोघेही रडकुंडीला आले.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एका कॅथलिक विदुषीचे जीवन आपल्याला पुष्कळ मार्गदर्शन करू शकते. मॉन्टेसरी हे नाव आपल्या गल्लीबोळांतील फलकांवर आपण रोज वाचतो. परंतु या नावामागे एक हाडामासाची स्त्री होती, तिने सोसलेले दुःख होते, आणि तिच्या आयुष्यातील महत्त्वाची वर्षे आपल्या भारतभूमीत गेली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

बालपण आणि शिक्षण

मारिया मॉन्टेसरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील अँकोना शहराजवळच्या किआराव्हाले या गावी झाला. वडील आलेस्सांद्रो हे सरकारी अर्थखात्यात अधिकारी होते. आई रेनिल्दे ही त्या काळाच्या मानाने सुशिक्षित आणि वाचनाची आवड असलेली स्त्री होती. मारिया ही त्यांची एकुलती एक मुलगी. वडिलांच्या बदल्यांमुळे हे कुटुंब प्रथम फ्लॉरेन्सला आणि १८७५ च्या सुमारास रोमला आले.

मुलींनी फार तर शिक्षिका व्हावे, अशी त्या काळी समाजाची समजूत होती. मारिया यांनी मात्र तेराव्या वर्षी तांत्रिक शाळेत प्रवेश घेतला. प्रथम त्यांना अभियंता व्हावयाचे होते. पुढे त्यांचे मन वैद्यकाकडे वळले. वडिलांना हे रुचले नाही. आई मात्र लेकीच्या पाठीशी खंबीरपणे उभी राहिली. रोमच्या विद्यापीठात वैद्यकाच्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून त्यांना अनेक अडचणी सोसाव्या लागल्या. पुरुष विद्यार्थ्यांसमवेत शवविच्छेदन करणे स्त्रीला शोभत नाही, असे मानले जाई. म्हणून सर्व जण निघून गेल्यावर त्यांना एकटीनेच ते काम करावे लागे. १८९६ साली त्या डॉक्टर झाल्या. त्या इटलीतील पहिल्या महिला डॉक्टर होत्या असे पुष्कळदा लिहिले जाते. ते अचूक नाही. त्यांच्यापूर्वीही काही थोड्या स्त्रिया त्या देशात डॉक्टर झाल्या होत्या. परंतु त्या अगदी पहिल्या काही जणींपैकी एक होत्या, हे निश्चित.

दुर्लक्षित बालकांच्या सहवासात

पदवीनंतर रोमच्या मनोरुग्णालयात काम करताना त्यांना तेथे ठेवलेली मतिमंद बालके दिसली. त्या काळी अशा बालकांना वेड्यांबरोबरच कोंडून ठेवले जाई. या बालकांच्या हातांना करण्यासारखे काही नव्हते, डोळ्यांना पाहण्यासारखे काही नव्हते. त्यांना औषधापेक्षा शिक्षणाची अधिक गरज आहे, हे या तरुण डॉक्टरच्या ध्यानी आले. इतार आणि सेगँ या दोन फ्रेंच डॉक्टरांनी अशा बालकांसाठी पूर्वी केलेल्या कार्याचा त्यांनी सखोल अभ्यास केला. त्यांचे ग्रंथ त्यांनी इटालियनमध्ये स्वतःच्या हाताने उतरवून काढले. प्रत्येक शब्दाचा अर्थ मनात मुरावा, म्हणून त्यांनी हे कष्ट घेतले.

१९०० साली अशा बालकांसाठी शिक्षक तयार करणारी एक संस्था रोममध्ये सुरू झाली. तिच्या संचालनाची धुरा डॉ. मॉन्टेसरी आणि डॉ. ज्युसेप्पे मॉन्तेसानो या दोघांकडे होती. तेथील काही मुले सर्वसाधारण मुलांची परीक्षा उत्तीर्ण झाली. लोकांनी त्यांचे कौतुक केले. बाईंच्या मनात मात्र निराळाच विचार आला. मतिमंद बालके इतकी मजल मारू शकतात, तर निरोगी बालके एवढ्यावरच का थांबावीत? शाळाच त्यांना मागे खेचत असावी, असे त्यांना वाटू लागले.

एका मातेचे दुःख

याच काळातील एका प्रसंगाविषयी मौन बाळगणे सोपे आहे. परंतु त्याशिवाय हे जीवन पुरते समजत नाही. डॉ. मॉन्तेसानो आणि मारिया यांच्यात प्रेमसंबंध होते, आणि ३१ मार्च १८९८ रोजी मारिया यांना पुत्र झाला. त्याचे नाव मारियो. दोघांचा विवाह झाला नाही. अविवाहित मातेला त्या समाजात डॉक्टर म्हणून उभे राहणे अशक्य होते. बाळाला रोमबाहेर खेड्यात एका दाईच्या स्वाधीन करण्यात आले. १९०१ साली डॉ. मॉन्तेसानो यांनी दुसऱ्या स्त्रीशी विवाह केला, आणि मारिया यांनी ती संस्था सोडली.

आई अधूनमधून मुलाला पाहण्यास जाई. परंतु ती आपली आई आहे हे त्याला सांगितलेले नव्हते. जगातील बालकांसाठी झिजणारी ही स्त्री स्वतःच्या बालकाचे पहिले पाऊल, पहिला शब्द यांना मुकली. मारिया यांच्या आईचे १९१२ साली निधन झाले, आणि त्यानंतर साधारण पंधराव्या वर्षी मारियो आपल्या आईकडे राहावयास आला. पुढे कित्येक वर्षे लोकांत त्याची ओळख पुतण्या म्हणूनच करून दिली जाई. परंतु तोच तिचा सहकारी, सोबती आणि वारस झाला. आपण कोणीही या मातेवर दगड उचलण्याची घाई करू नये. ताटातुटीच्या या वेदनेतून बालकांविषयीची तिची दृष्टी अधिक कोवळी झाली असेल, असे मानण्यास जागा आहे.

तीन राजांच्या सणाचा दिवस

रोमच्या सान लोरेन्झो या वस्तीत मजुरांची दाट लोकवस्ती होती. घाईघाईने उभारलेल्या आणि अर्धवट राहिलेल्या चाळवजा इमारतींत गरीब कुटुंबे दाटीवाटीने राहत. एका गृहसंस्थेने त्या इमारतींची दुरुस्ती केली. परंतु आईवडील कामावर गेले की त्यांची लहान मुले दिवसभर मोकाट फिरत, जिन्यांची आणि भिंतींची नासधूस करीत. त्यांना एका खोलीत सांभाळावे, अशी योजना संस्थेचे संचालक एदुआर्दो तालामो यांनी मांडली आणि डॉ. मॉन्टेसरी यांना पाचारण केले.

६ जानेवारी १९०७ रोजी, प्रभूच्या प्रकटीकरणाच्या सणाच्या दिवशी, व्हिया देई मार्सी या रस्त्यावरील इमारतीत पहिले बालगृह उघडले. पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांनी एका गरीब बालकासमोर गुडघे टेकले, त्याचे स्मरण ख्रिस्तसभा ज्या दिवशी करते, त्याच दिवशी एका विदुषीने गरीब बालकांच्या खोलीत पाऊल टाकले. पन्नास-साठ मुले होती. भेदरलेली, रडवेली, अंगावर जाडेभरडे कपडे ल्यालेली. शिक्षिका म्हणून प्रशिक्षित व्यक्तीही मिळाली नव्हती. ही उणीवच पुढे वरदान ठरली, कारण जुन्या पद्धतीने शिकवण्याची सवय तिला नव्हती.

तेथे जे घडले ते बाईंनी ठरवून घडवलेले नव्हते. त्यांनी ते शांतपणे पाहिले, एवढेच. सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातील भोकांत लहानमोठ्या दट्ट्या बसवीत होती. बाईंनी इतर मुलांना गाणे म्हणावयास सांगितले. त्या मुलीला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले. तरीही तिचे लक्ष विचलित झाले नाही. चाळीसहून अधिक वेळा तेच काम करून ती समाधानाने थांबली, जणू गाढ झोपेतून ताजीतवानी होऊन उठली. एके दिवशी साहित्याचे कपाट उघडे राहिले. शिक्षिका येऊन पाहते, तो मुलांनी आपल्या मनाजोगते साहित्य काढून कामही सुरू केले होते. त्या दिवसापासून कपाटाऐवजी मुलांच्या हाताला येतील अशा ठेंगण्या फळ्या आल्या. खेळणी मागे पडली. बक्षिसांची ओढ उरली नाही. एकदा बाईंनी नाक रुमालाने हळूच कसे पुसावे हे करून दाखवले, तेव्हा मुलांनी आनंदाने टाळ्या वाजवल्या. नाकावरून नेहमी बोलणी खाणाऱ्या त्या लेकरांना कोणीतरी प्रथमच मानाने शिकवले होते.

अक्षरांची घाई बाईंना नव्हती. परंतु मातांनीच आग्रह धरला, म्हणून त्यांनी काचकागदाची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवली आणि मुलांना ती बोटांनी गिरवू दिली. डिसेंबरातील एका उन्हाच्या दिवशी गच्चीवर मुले बसली असता, बाईंनी एका पाच वर्षांच्या मुलाला खडूने धुराड्याचे चित्र काढावयास सांगितले. चित्र काढता काढता आपल्याला लिहिता येते, हे त्याला अचानक उमगले आणि त्याने हात या अर्थाचा इटालियन शब्द जमिनीवर लिहिला. मग धुराडे, मग छप्पर. हर्षाने तो ओरडू लागला. पाहता पाहता इतर मुलेही जमिनीवर, दारांवर लिहू लागली.

या बालगृहाची आणखी एक गोष्ट घरी मुलांना शिकवू इच्छिणाऱ्या पालकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. ते बालगृह त्यांच्या राहत्या इमारतीतच होते. शाळा घरात आणली गेली, याचा बाईंना विशेष अभिमान होता. आईला कोणत्याही वेळी आत डोकावण्याची मुभा होती. मुलाला स्वच्छ करून पाठवणे आणि आठवड्यातून एकदा शिक्षिकेला भेटून मुलाविषयी बोलणे, या अटी तिने पाळावयाच्या होत्या. घर आणि शाळा यांच्यामध्ये भिंत असू नये, हा विचार या पद्धतीच्या मुळाशीच आहे.

कीर्ती, टीका आणि श्रद्धा

१९०९ साली त्यांचा पद्धतीविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि लवकरच अनेक भाषांत गेला. १९०८ च्या मेस्सिना येथील भूकंपात अनाथ झालेली बालके रोममधील फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या धर्मभगिनींच्या मठात आश्रयाला होती. त्या मठातही बालगृह सुरू झाले. १९१३ च्या अखेरीस बाई अमेरिकेत व्याख्यानांसाठी गेल्या. १९१५ साली सान फ्रान्सिस्को येथील जागतिक प्रदर्शनात त्यांचा काचेच्या भिंतींचा वर्ग लोकांनी गर्दी करून पाहिला.

कॅथलिक वर्तुळांत सर्वांनीच त्यांचे स्वागत केले असे नाही. बालकाच्या स्वातंत्र्यावर एवढा विश्वास ठेवणे म्हणजे जन्मपापाची शिकवण विसरणे, असा आक्षेप काहींनी घेतला. बाईंचे स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हता, हे अशा टीकाकारांच्या लक्षात येण्यास वेळ लागला. त्यांच्या वर्गात मूल आपले काम स्वतः निवडे, परंतु काम संपल्यावर वस्तू जागेवर ठेवणे त्याला बंधनकारक होते. दुसऱ्याच्या कामात व्यत्यय आणण्याची मोकळीक कोणालाही नव्हती.

बार्सिलोना येथे त्यांनी धर्मशिक्षणाचा अभिनव प्रयोग केला. मुलांसाठी ठेंगण्या खुर्च्यांचे छोटे प्रार्थनास्थळ तयार झाले. पवित्र पाण्याचे पात्र मुलांच्या हाताला पोहोचेल अशा उंचीवर बसवले गेले. प्राचीन ख्रिस्तमंदिरांच्या पुढील अंगणास जे नाव होते, त्यावरून या स्थळास अट्रियम असे म्हटले गेले. मुलांनी गव्हाची आणि द्राक्षांची लहानशी लागवड सांभाळली. वेदीवरील भाकर आणि द्राक्षारस शेतातून, पावसातून आणि माणसाच्या श्रमातून येतात, हे त्यांना पाठ करावे लागले नाही. ते त्यांनी हातांनी अनुभवले. या प्रयोगावर आधारित पुस्तक १९२२ साली निघाले आणि पुढे मिस्साबलिदान मुलांना समजावून सांगणारे पुस्तकही त्यांनी लिहिले. त्यांच्या निधनानंतर रोममध्ये सोफिया काव्हालेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी १९५४ पासून उत्तम मेंढपाळाचे धर्मशिक्षण या नावाने हे कार्य पुढे नेले. आज ते अनेक देशांतील धर्मग्रामांत चालते.

त्यांच्या जीवनात वादग्रस्त पर्वही आहे. १९२४ नंतर मुसोलिनीच्या राजवटीने त्यांच्या शाळांना पाठबळ दिले आणि बाईंनी ते स्वीकारले. शाळा वाढाव्यात या ओढीने त्यांनी सत्तेशी जवळीक केली, याबद्दल त्यांच्यावर टीका झाली, आणि ती अनाठायी नाही. परंतु स्वतंत्र मनाची मुले आणि हुकूमशाही यांचा मेळ बसणे शक्य नव्हते. १९३४ च्या सुमारास संबंध तुटले आणि इटलीतील त्यांच्या शाळा बंद पडल्या. जर्मनीत नाझींनीही त्यांच्या शाळा बंद केल्या. १९३६ साली स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा त्यांना बार्सिलोना सोडावे लागले. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांनी हॉलंडमध्ये नव्याने बिऱ्हाड मांडले.

भारतातील वर्षे

ऑक्टोबर १९३१ मध्ये लंडन येथे महात्मा गांधी आणि मॉन्टेसरीबाई यांची भेट झाली होती. गांधीजींनी तेथील मॉन्टेसरी प्रशिक्षण महाविद्यालयात भाषणही केले. त्याच्याही आधी त्यांचे विचार भारतात रुजू लागले होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. आपल्या महाराष्ट्राच्या कन्या ताराबाई मोडक १९२३ साली त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ साली त्यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला.

थिऑसॉफिकल सोसायटीचे अध्यक्ष डॉ. जॉर्ज अरुंडेल यांच्या आमंत्रणावरून नोव्हेंबर १९३९ मध्ये बाई मारियोसह मद्रासला आल्या. गिजुभाईंचे त्याआधी काही महिने, जून १९३९ मध्ये निधन झाले होते. अड्यार येथे तीनशेहून अधिक विद्यार्थी त्यांच्या पहिल्या वर्गास जमले. थोड्या महिन्यांसाठी आलेल्या बाई युद्धामुळे अडकून पडल्या. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरली आणि इटालियन नागरिक ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने शत्रू ठरले. मारियो यांना अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले आणि बाईंना अड्यारच्या आवारातच राहण्याची सक्ती झाली. माय-लेकरांची पुन्हा ताटातूट झाली. ३१ ऑगस्ट १९४० रोजी, आईच्या सत्तराव्या वाढदिवशी, व्हाइसरॉयनी मारियो यांच्या सुटकेची तार पाठवली. जन्मभर ज्या पुत्राला उघडपणे पुत्र म्हणता आले नव्हते, तोच वाढदिवसाची भेट म्हणून परत मिळाला.

पुढील वर्षे कोडाईकनालच्या डोंगरांत आणि अहमदाबादसारख्या शहरांतून वर्ग घेण्यात गेली. युद्धानंतर १९४६ साली त्या युरोपला गेल्या, परंतु १९४७ साली पुन्हा भारतात आल्या. आपल्या देशात त्यांनी हजाराहून अधिक शिक्षक घडवले. शिकवता शिकवता त्या शिकतही होत्या. भारतीय माता तान्ह्या बाळाला कडेवर घेऊन बाजारात, विहिरीवर, शेतावर सर्वत्र नेते. बाळ सारे पाहते, ऐकते आणि मनात साठवते, हे त्यांनी बारकाईने न्याहाळले. जन्मापासूनच मूल सभोवतालचे जीवन टिपकागदासारखे शोषून घेते, हा त्यांचा सिद्धान्त येथे परिपक्व झाला. अहमदाबाद येथील व्याख्यानांवर आधारलेला त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९४९ साली मद्रासहून प्रकाशित झाला.

कोसबाडच्या टेकडीवर

मॉन्टेसरी साहित्य महाग होते आणि गोरगरिबांना ते परवडणारे नव्हते. ही अडचण ताराबाई मोडक यांनी दूर केली. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या, आणि पुढे १९५७ साली डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर त्यांचे कार्य स्थिरावले. बोर्डीपासून अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. आज पालघर जिल्ह्यात असलेल्या या भागातील आदिवासी बालकांसाठी त्यांनी बिया, शंख-शिंपले, पाने, माती आणि दगडगोटे यांपासून साहित्य तयार केले. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरे चारणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर झाला आहे. त्याची पाळेमुळे या कार्यात आहेत. पद्धत माणसासाठी असते, माणूस पद्धतीसाठी नव्हे, हे ताराबाईंनी दाखवून दिले.

अखेरचा प्रवास

१९४९, १९५० आणि १९५१ अशी तीन वर्षे बाईंचे नाव शांततेच्या नोबेल पुरस्कारासाठी सुचवले गेले. पुरस्कार मात्र मिळाला नाही. ६ मे १९५२ रोजी हॉलंडच्या समुद्रकाठच्या नूर्डवाइक या गावी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. त्या दिवशीही आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट, म्हणजे आजच्या घानामध्ये, शिक्षकांना शिकवण्यासाठी जाण्याविषयी त्या मारियोशी बोलत होत्या. तेथील कॅथलिक दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. माणसांत आणि जगात शांती नांदावी यासाठी बालकांनी आपल्याला साथ द्यावी, अशी विनवणी त्यांच्या समाधीवर कोरलेली आहे. १९७० साली त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भरलेल्या परिषदेच्या प्रतिनिधींना पोप पॉल सहावे यांनी भेट देऊन त्यांच्या कार्याचा गौरव केला. इटलीच्या हजार लिरांच्या नोटेवर १९९० पासून युरो येईपर्यंत त्यांचे चित्र होते.

आपल्या घरासाठी

आता पुन्हा आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. तीन ते सहा वर्षांच्या बालकाला घरी शिकवावयाचे झाले, तर या जीवनातून आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट म्हणजे घड्याळाचे वेळापत्रक नको, दिनक्रम असावा. सकाळची वेळ हातांच्या कामाची, दुपार विश्रांतीची, संध्याकाळ अंगणाची आणि प्रार्थनेची, इतके ठरलेले पुरे. त्यात मुलाने काय निवडावे, किती वेळ करावे, हे त्याच्यावर सोपवावे. आज त्याला शिंपले मोजावेसे वाटले आणि उद्या नाही, तर बिघडत नाही. ते तल्लीन झालेले असताना मात्र आपण मध्येच हाक मारू नये, आणि कौतुकही करू नये. सान लोरेन्झोतील त्या लहान मुलीला ठोकळ्यांपासून कोणी दूर केले असते, तर बाईंना काहीच उमगले नसते.

दुसरी गोष्ट, साहित्यासाठी दुकानात धावू नये. वाल आणि चवळी निवडणे, मटार सोलणे, लहान तांब्यातून भांड्यात पाणी ओतणे, बटणे लावणे, रुमालाच्या घड्या घालणे, वाडीतील फुले रंगांप्रमाणे मांडणे, ही सारी कामे बोटांना आणि मनाला वळण लावतात. ते काम आधी आपण सावकाश, फार न बोलता करून दाखवावे. चार वस्तू ठेंगण्या फळीवर मांडाव्यात. चाळीस मांडल्या तर मूल गोंधळते. पाणी सांडले तर फडके कोठे आहे ते दाखवावे. अक्षरांची वेळ आली, की काचकागदाची अक्षरे किंवा ताटातील वाळू पुरेशी असते. सुरुवात आपल्या मातृभाषेपासून करावी. बोटांची तयारी नसताना पेन्सिल हाती देऊन पाटीभर गिरवून घेण्याचा हट्ट धरू नये.

तिसरी गोष्ट, मुलाला एकटे ठेवू नये. बाईंच्या बालगृहात लहानमोठी मुले एकत्र असत आणि मोठी लहानांना शिकवीत. घरातील भावंडे, शेजारची दोन-तीन मुले, आजी-आजोबा यांच्या सहवासात हे सहज साधते. दोन्ही पालक नोकरीला जात असतील आणि मूल बालवाडीत जात असेल, तर त्यांनीही मनाला लावून घेऊ नये. जेथे मुलाला हातांनी काम करू देतात आणि त्याचा अपमान करीत नाहीत, अशी बालवाडी निवडावी. मॉन्टेसरी हे नाव कोणीही फलकावर लावू शकतो. म्हणून फलक पाहून भुलू नये, आत जाऊन मुलांचे चेहरे पाहावेत. सहा वर्षे पूर्ण होताच शिक्षण हा प्रत्येक बालकाचा कायदेशीर हक्क आहे आणि त्याने शाळेत गेलेच पाहिजे. परंतु त्यापूर्वीची वर्षे खेळातून आणि कृतीतून शिकण्याची आहेत, हे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही मान्य केले आहे.

आणि शेवटची गोष्ट आपल्या श्रद्धेची. घरातील अल्तारापाशी मुलासाठी त्याच्या उंचीची एक जागा असावी. एक लहान क्रूस, पवित्र मरियेची मूर्ती, त्याने स्वतः आणलेले फूल. मेणबत्ती आईने पेटवावी आणि ती विझवण्याचा मान त्याला द्यावा. क्रूसाची खूण घाईने उरकू नये, सावकाश करून दाखवावी. दोन मिनिटे शांत बसावयास त्याला आवडते, हे अनुभवाने कळेल. बाईंनीही मौनाचा असाच खेळ मुलांना शिकवला होता, आणि गजबजलेल्या त्या वस्तीतील मुले श्वास रोखून तो खेळत.

ज्या आईला नर्सरीची धास्ती वाटते, तिला एवढेच सांगावेसे वाटते की, मूल मागे पडण्याची भीती बहुधा आपली असते, मुलाची नव्हे. प्रभू येशूने शिष्यांच्या मधोमध एका बालकाला उभे केले आणि मोठ्यांना त्याच्यासारखे होण्यास सांगितले. मारिया मॉन्टेसरी यांनी ते शब्द मनापासून ऐकले. स्वतःच्या बालकाजवळ बसण्याचे सुख त्यांना फार उशिरा लाभले. तुम्हांला ते आज लाभले आहे. दिवसातील एक तास मोबाईल दूर ठेवून आपल्या लेकराशेजारी जमिनीवर बसा आणि त्याचे हात काय करतात ते पाहा. नाझरेथच्या पवित्र कुटुंबाच्या मध्यस्थीने तुमच्या घरातील प्रत्येक बालक वयाने, ज्ञानाने आणि परमेश्वराच्या कृपेत वाढत राहो, ही प्रार्थना.